पाण्यात राहिलेला गळ

"आपला गळ पाण्यात सोडून घरी यायचं नाही. काय वाट्टेल ते झालं तरी."

ह्यांचा आवाज तसा खालच्या पट्टीतला. पण हे एवढं वाक्य ते दारातून बाहेर पडताना ठणकावून म्हणायचे, आणि आमचा मुलगा बुटांच्या नाड्या आवळता आवळता उरलेलं अर्धं आपणच पूर्ण करायचा. "काय वाट्टेल ते झालं तरी, बाबा. पाठ झालंय."

नियम वाईट नव्हता. दयेपोटीच जन्मला होता. मुलगा लहान असताना ह्यांना तळ्याच्या काठी एक पाणकोंबडी सापडली होती. कुणाच्या तरी तुटलेल्या दोरीत तिचे पाय गुंतले होते आणि चोचीत गळ रुतला होता. ह्यांनी तो पकडीने काढला, पण ती जगली नाही. घरी आले, हात धुतले आणि मला म्हणाले, "दोरी सोडून निघून गेला असेल तो. आरामात जेवला असेल." तेव्हापासून हा नियम.

ह्यांची नोकरी ओतशाळेत. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, थंड झाला की घासायचा. सुट्टीच्या दिवशी तेच काम मागच्या गॅलरीत लहान प्रमाणावर चालायचं. शिशाचं बोराएवढं डोकं, त्यातून बाहेर आलेला आकडा, आणि आकड्याभोवती रबराच्या पट्ट्यांची नारिंगी झालर. एकेक गळ म्हणजे दागिना. बापलेक मासा धरायचे, दोन्ही हातांत घेऊन बघायचे आणि परत पाण्यात सोडायचे. माझ्या घरात मासा शिजत नाही. सकाळी दिवा लावून डोळे मिटून बसल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही, आणि माझ्या हाताने जीव जाऊ नये एवढंच रोज मागते. ह्यांनी त्यावर कधी वाद घातला नाही. "तू त्यांच्यासाठी मागत जा, मी त्यांना सोडत जातो," म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात मुलगा एकटाच गेला. तळ्याच्या पलीकडच्या काठाला एक मोठं झाड पाण्यात आडवं पडलं आहे. त्याच्या आजूबाजूला पाणवेलींचा गालिचा इतका दाट, की पाणी दिसतच नाही. मोठे मासे त्या गालिच्याखाली दडतात म्हणे. त्याच्याजवळ उघड्या पाण्यात वापरायची बारीक, लवचिक काठी होती. गळ झाडाच्या फांदीत अडकला. त्याने ओढला, तेव्हा काठी सांध्याजवळ मोडली. मग त्याने काठीचे दोन्ही तुकडे काठावर शेजारी शेजारी ठेवले, बूट काढले, मोजे बुटांत घातले आणि दोरी धरून पाण्यात उतरला.

वेलींची मुळं खाली दोरखंडासारखी असतात. बाकीचं मी लिहीत नाही.

अग्निशामक दलाच्या माणसांनी त्याला बाहेर काढताना दोरी कापली. गळ तिथेच राहिला.

तेव्हापासून हे कामावर जात नाहीत. रोज उजाडलं की तळ्यावर जातात आणि उन्हं चढली की परत येतात. कुठे होतात, असं मी विचारत नाही. ते सांगत नाहीत. एकदाच म्हणाले, "दिसतो गं. पाणी खाली गेलं की झालर दिसते. फांदीला लोंबतोय."

पण कपडे मी धुते, आणि धुणारीला सगळं कळतं. आधी ह्यांच्या पँटच्या काठाला चिखल असायचा. मग ओली रेघ घोट्याच्या वर आली. मग गुडघ्यापर्यंत. त्या दिवशी मी पँट पिळायला घेतली तर मांडीच्या शिवणीत वेलीचं हिरवं पान अडकलेलं होतं.

ते पान मी ह्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं.

त्यांनी ते बोटाने उलटवलं. "माझा नियम आहे," म्हणाले. "मीच जाऊन आणायला हवा."

"आणि मग?"

"मग काय?"

"परत कोण येणार? तुम्ही, की नुसता गळ?"

ते बोलले नाहीत. माझ्या माणसाला मी ओळखते. खोटं बोलायची वेळ आली की तो गप्प बसतो.

मी आत जाऊन दिवा आणला. वेळ दिव्याची नव्हती, तरी पेटवला. म्हटलं, "तो गळ मी काढून आणते. पाण्यात पाय न घालता. मी आणेपर्यंत तुम्हीही पाण्यात पाय घालायचा नाही. द्या शब्द."

"तू? तुझा तर नेम आहे."

"मासा मारायचा नाही असा नेम आहे. गळ काढायचा नाही असा नाही."

ह्यांचा दिव्यावर विश्वास नाही, पण माझ्यावर आहे. हात पुढे केला, आणि लगेच मागेही घेतला. "किती दिवस थांबू?"

"मी सांगेपर्यंत."

"फार नको थांबवूस," ते म्हणाले. मग माझ्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

माझे धाकटे दीर जिभेने फटकळ आणि मनाने लोणी. त्यांना फोन करून गळ काढायचं सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, मी करून बघितलंय. दादाला सांगितलं नव्हतं, एवढंच. दोराला लोखंडी आकडा बांधून फेकला. गालिच्यावर आपटतो आणि हातभर वेली घेऊन परत येतो. वरून फेकावा तर दुसऱ्या झाडाच्या फांद्या पार पाण्याला टेकल्यात. होडी त्या वेलींत शिरत नाही. फांदीपाशी एकच भोक आहे, ताटाएवढं. त्यातून आत गेला तर गेला."

"ताटाएवढ्या भोकात गळ सोडणारे लोक असतीलच की."

"असतात. पण ते रोज देवापुढे बसत नाहीत, पाण्यापुढे बसतात."

दुसऱ्या दिवशी ते मला मासेमारीच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेले. दुकान लांबट आणि अंधारं होतं. भिंतीला काठ्या उभ्या केलेल्या, छताला जाळी टांगलेली, कोपऱ्यात रेडिओ. गल्ल्यावर एक जाडजूड बाई एका रिळाचं पोट उघडून तेल घालत होती.

"यांना काठी हवीय," दीर म्हणाले. "म्हणजे मीच बघतो, त्यांना त्यातलं काही—"

"कोण वापरणार?" बाईने मान वर न करता विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"मग तुम्ही लांब उभे राहा, भाऊ. चप्पल दुसऱ्याच्या पायाने घेतात का?" मग माझ्याकडे वळून, "बोला ताई. कुठे टाकणार?"

"पाणवेलींत. ताटाएवढं भोक आहे, वर फांद्या आहेत. लांबून फेकता येत नाही."

बाईने हात पुसले. "म्हणजे फ्लिपिंग आणि पिचिंग. इथले निम्मे गडी उंटावरून शेळ्या हाकतात. फेकला तळ्याच्या मध्यावर आणि बसले बिड्या फुंकत. तुमचं काम जवळचं. गळ फेकायचा नाही, खालच्या हाताने झोका देऊन अलगद आत सोडायचा. दोरी डाव्या हातात धरून झोका दिला तर ते फ्लिपिंग. जरा लांब असेल आणि रिळावरून दोरी सुटू दिली तर पिचिंग. आवाज झाला तर मासा गेला."

"मासा गेलेला बराच," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "ताई, कुठल्या तळ्याचं बोलताय?"

"पडलेल्या झाडाकडचं."

ती उठली आणि रेडिओ बंद केला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तो मुलगा—"

"माझा."

दीर पाठ वळवून भिंतीवरची जाळी बघायला लागले. बाईने माझं सांत्वन केलं नाही, आणि त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. त्या दिवसांत जो तो मला देवाची मर्जी समजावून सांगत होता, जणू देवाशी रोज बोलणारी मी नव्हतेच. तिने फक्त विचारलं, "काय काढायचंय?" मी सांगितलं. ती मागच्या अंगणाचं दार उघडून म्हणाली, "या."

अंगणात तिने वाळूने भरलेली बादली ठेवली, दोरीचं टोक बादलीच्या कडीला बांधलं आणि पहिली काठी माझ्या हातात दिली. काठी सुरेख, पिसासारखी हलकी होती. "ओढा." मी ओढली. काठी टोकापासून मुठीपर्यंत वाकली, तिची कमान झाली, आणि बादली जागची हलली नाही.

"ही उघड्या पाण्याची," बाई म्हणाली. "मासा पळाला तर त्याच्यासोबत पळते. वेलींत तिचा उपयोग नाही. काठी वाकत राहते, अडकलेलं अडकूनच राहतं, आणि ताण जातो सांध्यावर."

सांधा, असं म्हणाली आणि थांबली. ही काठी कुठल्या काठीसारखी होती हे आम्हा तिघांना कळलं. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली.

दुसरी काठी तिने दोन्ही हातांनी आणली. "ही घ्या. ही झाडच उपटेल." ओढली तर बादली सरकत माझ्या पायाशी आली. दीर खूश झाले. "हीच! वहिनी, झालं काम."

"थांबा हो, वरमाय तुम्ही नाही," बाई म्हणाली. तिने दोरीला शिशाचं वजन बांधलं आणि फरशीवर एक पत्र्याचं झाकण ठेवलं. "आता यात सोडा."

मी झोका दिला. काठी पहारीसारखी ताठ, टोकाला जरासुद्धा लवत नव्हती. वजन कुठे जाईल हे हाताला कळेचना. एकदा कुंडीवर आपटलं, एकदा दिरांच्या बुटावर. चार-सहा झोक्यांतच माझा दंड थरथरायला लागला.

"नाकापेक्षा मोती जड," बाई म्हणाली. "तुम्हाला एकदा नाही, शंभरदा सोडावा लागेल. तेवढ्याने हात गळाला तर काठी काय कामाची?"

तिसरी काठी शोधायला तिला वेळ लागला. ती माझ्या उंचीपेक्षा बरीच लांब होती, सलग, मध्ये जोड नसलेली. "जोड म्हणजे कच्ची जागा. गाडीत मावणार नाही, खिडकीतून बाहेर काढा. लांब अशासाठी, की फांद्यांखालून हात न वाकवता पोचेल, आणि तुम्ही कोरड्यात उभ्या राहाल." मग तिने मुठीमागचा दांडा माझ्या हाताखाली धरला. तो कोपराच्या थोडा मागे जाऊन संपत होता. "याहून लांब असला तर बरगडीत खुपतो आणि झोका अडतो. आता ओढा."

काठीचं फक्त टोक वाकलं. त्याखाली ती ठाम राहिली. बादली कुरकुरली आणि निघाली.

"आता सोडा."

टोक जरासं लवलं, वजन लोलकासारखं पुढे गेलं आणि झाकणाच्या शेजारी टेकलं. झाकणात नाही, शेजारी. पण आवाज फार झाला नाही.

"हीच," मी म्हटलं. मला कुणी सांगायची गरज पडली नाही. कुणाचा तरी हात हातात आल्यासारखं वाटलं होतं.

बाईने तिच्यावर रीळ चढवलं आणि विणलेली हिरवी दोरी भरायला घेतली. "ही दोरी तुटत नाही, ताई. माणसाचं वजनसुद्धा पेलेल."

"मग तिकडे अडकली तर?"

तिचे हात थांबले. "तेच सांगते. तुटत नाही म्हणूनच ती वाईट. तुटणारी दोरी तुम्हाला घरी पाठवते. ही पाठवत नाही, ही बोलावत राहते. अडकली तर ओढायची, बाजू बदलून ओढायची, आणि नाहीच आली तर कापायची. आणि घरी यायचं."

"आमच्या घरात कापत नाहीत," दीर एकदम म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांना आपलंच बोलणं ऐकू आलं असावं. चेहरा उतरला त्यांचा.

बाईने खणातून एक छोटी, जाड पात्यांची कात्री काढली आणि काठीच्या शेजारी ठेवली. "मग ही आधी घ्या. काठी नंतर."

त्यानंतर मी रोज दिवा झाला की सराव करत असे. बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या ओळीने मांडायच्या, त्या म्हणजे वाकलेल्या फांद्या. खुर्च्यांखाली आधी परात ठेवली, मग ताट, मग ताटली. उजव्या हातात काठी, डाव्या हातात वजन. झोका द्यायचा आणि अंगठा रिळावर अलगद ठेवून वजन टेकवायचं. प्रत्येक झोक्याला मी एक नाव घेत असे. कधी देवाचं. कधी मुलाचं.

शेजारीण दारात येऊन उभी राहिली. "काय हो, फरशीत मासे लागायला लागले का?"

"लागले तर तुम्हालाच पाठवीन," मी म्हटलं.

ती हसली, मग तिला आठवलं, आणि तोंडावर हात ठेवून निघून गेली.

हे आतल्या खोलीत दार लावून बसत. शिशाच्या वजनाचा तो आवाज त्यांना ऐकू येत असणारच. फरशीवर पडलं की ठक्, ताटलीत पडलं की टण्. ठक् फार, टण् थोडे. एके दिवशी बराच वेळ ठक् ठक् चाललं होतं, तेव्हा बंद दारामागून आवाज आला, "मनगटाने नको. कोपर ढिलं सोड."

मी कोपर ढिलं सोडलं. टण्.

दुसऱ्या दिवशी दार अर्धं उघडं होतं. तिसऱ्या दिवशी ते खुर्चीवर येऊन बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि माझ्याकडे न बघता ताटलीकडे बघत राहिले. तळ्यावर जाणं मात्र थांबलं नव्हतं. पण पँट कोरडी येत होती. शब्द पाळत होते.

मग एका सकाळी पँटचा काठ पुन्हा ओला आला.

"काठावर ओल होती," ते म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

"बरं."

"पाणी खूप खाली गेलंय. हाताच्या अंतरावर वाटतो गं."

"वाटतो," मी म्हटलं. "त्यालाही तसाच वाटला होता."

हे इतकं कठोर मी लग्नानंतर त्यांच्याशी कधी बोलले नसेन. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी पँट दोरीवर टाकली, चिमटे लावले आणि म्हटलं, "उद्या जाते मी. भाऊजींना बोलावलंय. ते काठावर उभे राहतील, तुम्ही घरी थांबायचं. पण मला आकडा हवा. फांदीला, दोरीला धरेल असा. आणि टोकं बोथट हवीत. चुकून मासा आला तर त्याला लागता कामा नये."

"बोथट आकड्याने मासेमारी," ते म्हणाले. ओठांची कड जरा हलली. हसणं नव्हतं, पण हसण्याची जागा होती. "तुझ्याकडे बघून मासेच रडतील."

दुपारी मागच्या गॅलरीतून घासण्याचा आवाज आला. कित्येक महिन्यांनी. मी स्वयंपाकघरात हात थांबवून ऐकत उभी राहिले, पण बाहेर डोकावले नाही.

सकाळी दिवा लावला, बसले, उठले. ह्यांनी आकडा टेबलावर ठेवला होता. तीन नखांचा, प्रत्येक नखाचं टोक घासून गोल केलेलं, मधोमध शिशाचं डोकं. झालर नव्हती. त्यांनी तो उचलून माझ्या दोरीला बांधला, गाठ ओली केली, दातांत धरून आवळली. मग मी निघाले तशी सवयीने उठून दारापर्यंत आले आणि सवयीनेच तोंडातून निघालं, "आणि लक्षात ठेव, आपला गळ—"

तिथेच थांबले. दाराची चौकट घट्ट धरली. बुटांच्या नाड्या आवळत उरलेलं वाक्य पूर्ण करणारं तिथे कुणी नव्हतं.

"अडकला तर कापून येईन," मी म्हटलं. "हा आकडाही आणि तो गळही. दोन्ही राहिले तरी मी येईन. आणि तुम्ही पुन्हा तळ्यावर जायचं नाही."

नाही म्हणतील असं वाटलं मला. खाली दिरांनी गाडीचा भोंगा वाजवला.

मग त्यांनी टेबलावरची कात्री घेतली. दोरीचं लोंबतं टोक पात्यांत धरून कापून बघितलं. एका दाबात कापलं गेलं. कापलेला तुकडा कात्रीच्या कड्यातून ओवला आणि माझ्या कमरपट्ट्याला बांधला. उजव्या बाजूला, पटकन हात जाईल असा. गाठ त्यांनी दोनदा घातली.

"कोपर ढिलं," एवढंच म्हणाले.

मी काठी उचलली. जिन्याच्या वळणावर ती भिंतीला अडली. मी ती तिरकी केली, आणि सावकाश खाली उतरले.